तिरफळाच्या तेलात काय नाही?

काही वर्षांपूर्वी दक्षिण कोकणातील एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला आला. नेहमीप्रमाणे धूर सोडणारा ज्वालामुखी होता, ठिबक सिंचन होते, सौरचूल होती. एका कोपऱ्यात नववीतील एक मुलगी तिरफळाचे तेल काढून दाखवीत होती. घरचा जुना कुकर, शिट्टीच्या जागी बसवलेली नळी, ती नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवून शेवटी एका अरुंद बाटलीत सोडलेली. बाटलीतल्या पाण्यावर फिकट पिवळ्या तेलाचा पातळ थर तरंगत होता आणि सगळा वर्ग तिरफळाच्या वासाने भरून गेला होता. मागच्या तक्त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: ‘तिरफळाचे तेल जंतुनाशक, वेदनाशामक व कर्करोगविरोधी आहे.’ तिच्या शिक्षकांनी काही शोधनिबंध मिळवून त्यांतून ही माहिती काढून दिली होती.

परीक्षकाने विचारायचे ते प्रश्न आम्ही विचारले. लिमोनीनचे रेणुसूत्र काय, तेल पाण्यावर का तरंगते, वगैरे. तिने उत्तरे दिली आणि मग आम्हांलाच विचारले, “सर, वास तर सगळा तेलात उतरला. मग चुणचुण कुठे गेली?”

तिने तेलाचा थेंब जिभेला लावून पाहिला होता. तो कडवट, तिखट लागला. पण जीभ बधिर झाली नाही. उलट कुकरमध्ये उरलेली, वास गेलेली टरफले चावली तर जीभ अजूनही चुणचुणत होती. आम्ही त्या वेळी काहीतरी जुजबी उत्तर देऊन पुढच्या टेबलाकडे वळलो. पहिले बक्षीस दुसऱ्याच प्रयोगाला मिळाले. निकालपत्रावर आमचीही सही आहे.

तो प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. सुगंधी तेलांवर जे शोधनिबंध आज मोठ्या संख्येने प्रसिद्ध होतात, ते त्या प्रश्नाच्या उजेडात आम्ही पुन्हा वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत. एखाद्या विशिष्ट निबंधावर किंवा लेखकावर ही टीका नाही. टीका आहे ती या निबंधांच्या ठरून गेलेल्या साच्यावर. तो साचा आता वर्तमानपत्रांतून आणि प्रदर्शनांच्या तक्त्यांवरून शाळेत येऊन पोहोचला आहे. म्हणून शिक्षकांशी याबद्दल बोलणे आवश्यक वाटते.

प्रथम फळाविषयी. तिरफळ म्हणजे झँथोझायलम ऱ्हेत्सा. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून होणाऱ्या त्रिफळा चूर्णाशी त्याचा काही संबंध नाही. लिंबू, संत्रे, बेल आणि कढीलिंब ज्या कुळातले, त्याच कुळातले हे झाड. खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात. फळे मिरीएवढी किंवा थोडी मोठी, झुबक्यांनी लागतात. सुकली की तडकतात आणि आतली काळी चकचकीत बी बाहेर पडते. स्वयंपाकात ही बी टाकून देतात आणि टरफल तेवढे वापरतात. बांगड्याच्या तिखल्यात ठेचलेली चार तिरफळे पडली नाहीत तर मालवणी किंवा गोवेकर माणसाला जेवल्यासारखे वाटत नाही. टरफल भिंगाखाली धरले तर संत्र्याच्या सालीवर दिसतात तसे ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी.

आता साचा पाहू. बहुतेक निबंधांत तो चार पायऱ्यांचा असतो. फळे आणली, पाण्याच्या वाफेने तेल काढले, वायुवर्णलेखन यंत्राने त्यातील घटकांची यादी केली, मग ते तेल जंतूंवर, काही वेळा कर्करोगाच्या पेशींवर घालून पाहिले. शेवटी एक वाक्य येते: या वनस्पतीचा पारंपरिक औषधी उपयोग यामुळे शास्त्रशुद्ध ठरतो. चारही पायऱ्या उपयुक्त आहेत. दोष आहे तो एका पायरीवरून दुसरीवर जाताना न विचारलेल्या प्रश्नांत.

पहिली पायरी फळाच्या नावाची. तिरफळाला शास्त्रीय ग्रंथांत झँथोझायलम लिमोनेला आणि झँथोझायलम बुद्रुंगा अशी इतर नावेही दिलेली आढळतात. ती आज त्याच जातीची पर्यायी नावे मानली जातात. हिमालयात आणि नेपाळात ‘तिमूर’ किंवा ‘तेजबल’ म्हणून विकले जाते ते झँथोझायलम आर्मेटम. ती वेगळी जात आणि तिच्या तेलात बहुधा लिनॅलूल हा निराळाच घटक भरपूर असतो. तेव्हा ‘बाजारातून फळे आणली’ एवढेच लिहिलेल्या निबंधात नेमके कशाचे तेल काढले हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. फांदी, पान व फळ यांचा वाळवलेला नमुना एखाद्या वनस्पतिसंग्रहात ठेवून त्याचा क्रमांक देणे हा यावरचा साधा उपाय आहे. निबंध हाती आला की आम्ही आता आधी तो क्रमांक शोधतो.

दुसरी पायरी घटकांच्या यादीची. तिरफळाच्या तेलात सॅबिनीन, लिमोनीन, अल्फा आणि बीटा पायनीन, टर्पिनेन-४-ऑल अशी नावे वारंवार येतात. प्रमाण मात्र नमुन्यागणिक बदलते. एकात सॅबिनीन आघाडीवर, तर दुसऱ्यात लिमोनीन. झाड कुठले, फळ हिरवे की पिकलेले, किती दिवस वाळवलेले, यांवर ते अवलंबून असते. म्हणून ‘तिरफळाच्या तेलात अमुक टक्के सॅबिनीन असते’ असे वाक्य पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे नाही. ‘या झाडाच्या, या महिन्यात काढलेल्या तेलात होते’ एवढेच म्हणता येते.

येथे रसायनशास्त्राच्या शिक्षकांना एक सुंदर उदाहरण मिळते. सॅबिनीन, लिमोनीन आणि दोन्ही पायनीन या सर्वांचे रेणुसूत्र एकच: दहा कार्बन, सोळा हायड्रोजन. रेणुभार १३६. म्हणजे ही सगळी समघटक भावंडे. यंत्रातील वस्तुमान वर्णपटही त्यांचे पुष्कळसे सारखे दिसतात. निव्वळ संगणकाने सुचवलेले नाव उतरवून घेतले तर भावंडांची अदलाबदल सहज होते. नळीतून बाहेर पडायला प्रत्येकाला लागणारा वेळ ज्ञात मापांशी ताडून पाहिला, तरच नाव पक्के होते. याशिवाय, उकळत्या आणि किंचित आम्लधर्मी पाण्यात सॅबिनीन टिकून राहत नाही. त्याचा काही भाग पाण्याशी संयोग पावून टर्पिनेन-४-ऑल बनतो. यादीतले टर्पिनेन-४-ऑल झाडाने किती बनवले आणि कुकरने किती, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

यादीखाली बहुधा लिहिलेले असते: ‘एकूण ९८ टक्के घटक ओळखले.’ वाचणाऱ्याला वाटते, फळातील ९८ टक्के रसायने कळली. खरा अर्थ वेगळा आहे. जे वाफेबरोबर उडाले, त्यातले जे यंत्राच्या नळीतून पार झाले, त्याचे ९८ टक्के. जे कुकरमध्ये राहिले ते या हिशेबात येतच नाही. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथून सुरू होते. पण त्याआधी तिसरी पायरी पाहू.

जंतूंवरील चाचणी अशी असते. आगर घातलेल्या काचेच्या तबकडीत जंतू पसरतात. सहा मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकतीवर तेल टाकून ती मध्ये ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेले वलय दिसले, तर त्याचा व्यास मोजतात. शेजारी तुलनेसाठी एखाद्या प्रतिजैविकाची चकती असते. मग ‘तेलाचे वलय प्रतिजैविकाच्या वलयाशी तुल्य’ असा निष्कर्ष निघतो.

वर्गात हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा. जेंटामायसिनच्या प्रमाणित चकतीत १० मायक्रोग्रॅम औषध असते. तेलाच्या चकतीवर समजा १० मायक्रोलिटर शुद्ध तेल टाकले. तेलाची घनता सुमारे ०.८५ धरली तर त्याचे वजन ८.५ मिलिग्रॅम, म्हणजे ८५०० मायक्रोग्रॅम झाले. शेजारच्या औषधाच्या ८५० पट! इतके करून वलये सारखी आली, तर ती बरोबरी कसली? शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ओल्या आगरमध्ये ते नीट पसरत नाही; आणि ते उडते, त्यामुळे झाकणाखाली वाफेनेही परिणाम घडतो. म्हणून मोठे वलय म्हणजे प्रबळ तेल असे नाही आणि लहान वलय म्हणजे दुर्बळ तेल असेही नाही.

काही निबंध याहून बरी चाचणी करतात आणि जंतूंची वाढ थांबवणारी किमान संहती देतात. ती तेलांच्या बाबतीत अनेकदा मिलिलिटरला मिलिग्रॅमच्या घरात असते. प्रचलित प्रतिजैविके मायक्रोग्रॅममध्ये काम करतात. वाचताना एकक सुटले की हजारपटीचा फरक डोळ्यांआड होतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यात मिलिलिटरला एक मिलिग्रॅम तेल ठेवायचे तर पाच ग्रॅम तेल एकट्या रक्तातच असावे लागेल. निलगिरीच्या तेलाचे काही मिलिलिटर पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. जो पदार्थ जंतूंच्या पेशींचे पातळ पटल विस्कटून त्यांना मारतो, तो आपल्या पेशींच्या पटलाला वगळेलच असे नाही. कर्करोगाच्या पेशींबाबत हेच अधिक जोराने म्हणता येईल. तबकडीतल्या कर्कपेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात. निरोगी पेशी न मारता त्या मेल्या का, हा खरा प्रश्न असतो आणि निरोगी पेशींचा रकाना पुष्कळ तक्त्यांत नसतोच.

आता शेवटचे वाक्य: ‘पारंपरिक उपयोग शास्त्रशुद्ध ठरतो.’ झँथोझायलमच्या निरनिराळ्या जाती अनेक देशांत दातदुखीवर वापरल्या गेल्या आहेत. अमेरिकेतील एका जातीला तर लोक ‘दातदुखीचे झाड’ असेच म्हणतात. का, ते तिरफळ चावणाऱ्या कोणालाही कळेल. जीभ चुणचुणते आणि मग बधिर होते. हा या फळाचा सर्वांत ठळक जैविक परिणाम. त्याला ना तबकडी लागते, ना यंत्र. निबंधाच्या प्रस्तावनेत त्याचा उल्लेख असतो. पण ज्या तेलावर पुढची सगळी मोजमापे होतात, त्या तेलात तो परिणामच नसतो.

चुणचुण आणणाऱ्या द्रव्यांना सॅन्शूल म्हणतात. हे नाव ‘सान्शो’ या जपानी मसाल्यावरून आले. सान्शोचे झाड तिरफळाचेच सगोत्र. हायड्रॉक्सी-अल्फा-सॅन्शूल हे त्यांतले प्रमुख. त्यात १६ कार्बन असतात आणि एक नायट्रोजनही असतो. रेणुभार २६३, म्हणजे लिमोनीनच्या जवळजवळ दुप्पट. ते अमाइड वर्गातले आहे.

वाफेने तेल कसे निघते हे आठवले की बाकीचे आपोआप उलगडते. लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळते. तरी ते शंभराच्या आत पाण्याबरोबर उडून येते, कारण न मिसळणाऱ्या दोन द्रवांचे बाष्पदाब एकमेकांत मिळवले जातात आणि त्यांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते. मात्र यासाठी पदार्थाचा स्वतःचा थोडाफार बाष्पदाब असावा लागतो. शंभर अंशांना सॅन्शूलचा तो नगण्य असतो. म्हणून वास बाटलीत जातो आणि चुणचुण कुकरमध्ये राहते. मुलीने जिभेने जे मांडले ते तंतोतंत बरोबर होते.

सॅन्शूलवर चांगले काम झालेले आहे, हेही सांगितले पाहिजे. २००८ साली डायना बॉटिस्टा, डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, हे द्रव्य संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जापेशींतील पोटॅशियम आयनांच्या काही ठरावीक वाटा बंद करते. त्यामुळे स्पर्श जाणणाऱ्या पेशी कोणी स्पर्श न करताच संदेश पाठवू लागतात. ज्यूलियस यांना पुढे २०२१ मध्ये तापमान व स्पर्श यांच्या संवेदनेवरील कामासाठी नोबेल पारितोषिकाचा मान विभागून मिळाला. २०१३ साली लंडनमध्ये झालेला एक प्रयोग तर शाळेतल्या मुलांनाही आवडावा असा आहे. ओठांना सिच्वान मिरी लावलेल्या स्वयंसेवकांनी ती चुणचुण बोटावर दिलेल्या यांत्रिक कंपनांशी ताडून पाहिली. ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांशी जुळली. ही सिच्वान मिरी म्हणजेही तिरफळाची चिनी बहीण. एक मसाला, एक ओठ आणि एक नेमका प्रश्न एवढ्यावर हे ज्ञान उभे राहिले.

मग सुगंधी तेलांचा अभ्यास निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. ऑस्ट्रेलियातील टी ट्री या झाडाच्या पानांचे तेल पाहा. आर्थर पेनफोल्ड यांनी सिडनीत १९२० च्या दशकात त्यावर काम सुरू केले. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकात त्यातील टर्पिनेन-४-ऑल किमान ३० टक्के असावे असे ठरले. आपल्या तिरफळाच्या तेलात आढळणारे टर्पिनेन-४-ऑल ते हेच. म्हणजे बाटलीवर नाव लिहिण्याआधी आत काय असावे हे निश्चित झाले. १९९० मध्ये मुरुमांच्या १२४ रुग्णांवर या तेलाच्या ५ टक्के मलमाची प्रचलित औषधाशी तुलना झाली. तेल सावकाश लागू पडले, पण त्याचा त्रास कमी झाला, असा मर्यादित आणि प्रामाणिक निष्कर्ष निघाला. त्यात चमत्कार नव्हता, म्हणूनच तो उपयोगी पडला.

दुसरे उदाहरण चीनच्या तू योयो यांचे. हिवतापावरील वनस्पतीचा नेहमीच्या उष्ण पद्धतीने काढलेला अर्क भरवशाचा ठरत नव्हता. जुन्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यावी असे लिहिलेले त्यांच्या वाचनात आले. उष्णतेने गुण नष्ट होत असेल, हे ताडून १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि तो लागू पडला. त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ चे नोबेलही. परंपरेचा खरा आदर हा असा असतो. लोक ती वस्तू नेमकी कशी वापरतात ते लक्षपूर्वक पाहायचे आणि पद्धत त्याला अनुसरून निवडायची. आपल्याकडे तिरफळ वाफेने गाळून कोणी खात नाही. ते ठेचून नारळाच्या रसात घालतात. सॅन्शूल पाण्यापेक्षा तेलातुपात अधिक सहज उतरते. नारळाच्या वाटणात स्निग्धांश भरपूर असतो. चिनी स्वयंपाकीही आपल्या मिरीवर गरम तेल ओतून चुणचुणीत तेल बनवतात. फळाचा अभ्यास करणाऱ्याने आधी स्वयंपाकघरात डोकावले असते तर पद्धत तिथेच सापडली असती.

हे लिहिताना आम्ही स्वतःला बाजूला काढत नाही. आमच्याही नावावर असा एक जुना निबंध आहे. झाड निराळे होते, साचा हाच. कुकरमध्ये, म्हणजे आमच्या बाबतीत काचेच्या चंबूत, जे उरले ते आम्ही नळाखाली धुऊन टाकले होते. वाफेचे उपकरण प्रयोगशाळेत तयार होते, यंत्र उपलब्ध होते, तबकड्या स्वस्त होत्या. म्हणून जे मोजता येत होते ते मोजले. जे मोजायला हवे होते ते कोणते, हे विचारायला आम्ही थांबलो नाही.

शिक्षकांनी हा विषय वर्गात घ्यावा अशी आमची सूचना आहे. त्यासाठी प्रयोगशाळेतील भांडी वापरू नयेत. स्वयंपाकाची स्वच्छ भांडी घ्यावीत, कारण चव पाहायची आहे. बी काढलेली थोडी टरफले पाण्यात मंद उकळत ठेवावीत. झाकणाला आतून जमलेले थेंब एका वाटीत निथळून घ्यावेत. थोडी टरफले कोमट खोबरेल तेलात तासभर ठेवावीत. तिसऱ्या वाटीत नुसते खोबरेल तेल. वाट्यांना फक्त क्रमांक द्यावेत आणि कोणत्या वाटीत काय आहे हे चव घेणाऱ्याला सांगू नये. थेंबभर जिभेच्या टोकाला लावून वास आणि चुणचुण यांच्या नोंदी वेगवेगळ्या रकान्यांत कराव्यात. ज्या मुलांना मसाल्यांचे वावडे आहे त्यांनी फक्त नोंदी ठेवाव्यात. शुद्ध काढलेले तेल मात्र कोणी चाखू नये. त्या मुलीने चाखले ते आम्ही तिला तेव्हाच सांगायला हवे होते.

प्रयोगानंतर वर्तमानपत्रातले एखादे ‘अमुक फळाच्या तेलाने जंतूंचा नाश’ असे कात्रण वाचून चार प्रश्न विचारावेत. फळ नेमके कोणते? तेलात उतरले काय आणि मागे राहिले काय? किती तेलाची किती औषधाशी तुलना केली? आणि लोक ज्यासाठी ते फळ वापरतात, तोच गुण तपासला का?

विज्ञान प्रदर्शनांच्या गुणपत्रिकेत मांडणी, माहिती, उपयुक्तता आणि सादरीकरण असे रकाने असतात. विद्यार्थ्याने स्वतः विचारलेल्या प्रश्नासाठी एक रकाना वाढवावा, असे आम्ही त्यानंतर प्रत्येक वेळी संयोजकांना सुचवतो. एकदोन ठिकाणी तो वाढला आहे. त्या मुलीला मात्र आम्ही उत्तर देणे लागतो. ती हे वाचत असेल तर तिला सांगायचे आहे: चुणचुण कुकरमध्येच होती, तुझे निरीक्षण बरोबर होते आणि मागच्या तक्त्यावरचे वाक्य चुकीचे होते.